सापाला हात असतात का? आसनांची नावं, त्यांमागची प्रतीकं आणि ती प्रत्यक्ष करायची रीत

बरीच वर्षं मी भुजंगासन हातांच्या जोरावर करत होते. पालथं पडायचं, तळहात जमिनीत रोवायचे आणि धड वर ढकलायचं. छाती चांगली उंच जायची, मान मागे पडायची, बघणाऱ्याला वाटावं काय लवचीक पाठ आहे! कमरेत रोज एक बारीक कळ यायची, पण ती आसनाचाच भाग असणार अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. मग एकदा एक वयस्कर शिक्षिका माझ्या चटईशेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "सापाला हात असतात का गं?" मी हसले. त्या हसल्या नाहीत. "उचल तळहात जमिनीवरून." उचलले मात्र, छाती धपकन खाली आली. जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर राहिली. "हं. एवढं तुझं भुजंगासन. बाकीचं हातांचं होतं."

तेव्हापासून आसनाच्या नावाकडे बघायची माझी नजर बदलली. साप, झाड, मासा, कासव, प्रेत ही नावं आसनाला शोभा यावी म्हणून दिलेली नाहीत. शरीराने काय करायचं आणि मनाने कुठे राहायचं, हे एका शब्दात सांगणारी ती सूचना असते. म्हणून मी प्रतीकांना एकच कसोटी लावते: ते मनात आणल्यावर शरीरात काही बदलतं का? बदलत असेल तर ते कामाचं. नुसतंच ऐकायला छान वाटत असेल तर खुशाल सोडून द्यावं. पुढची सात आसनं याच कसोटीवर निवडली आहेत.

नावं आली कुठून

पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाला मोजून तीन सूत्रं मिळाली आहेत, दुसऱ्या पादातली ४६ ते ४८. आसन स्थिर आणि सुखाचं असावं. प्रयत्न सैल केल्याने आणि चित्त अनंताशी जोडल्याने ते साधतं. मग द्वंद्वं, म्हणजे थंडी-ऊन वगैरे जोड्या, त्रास देत नाहीत. झालं. एकाही आसनाचं नाव सूत्रांत नाही. नावं येतात ती सूत्रांवरच्या जुन्या टीकेत, व्यासभाष्यात, आणि तिथेही पद्मासन, वीरासन यांच्या जोडीला क्रौंच, हत्ती आणि उंट बसलेले आहेत.

नावांची खरी गर्दी होते ती हठयोगाच्या ग्रंथांत. पंधराव्या शतकातल्या स्वात्मारामांच्या हठयोगप्रदीपिकेत १५ आसनं आहेत. त्यानंतरच्या घेरंडसंहितेत ३२ आहेत, आणि तिथे एक फार सुंदर हिशेब दिलाय: जगात जितके जीव तितकी आसनं, म्हणजे ८४ लक्ष; त्यांतली ८४ श्रेष्ठ; आणि माणसांच्या कामाची ३२. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचे फेरे आपल्या कानांवरून लहानपणापासून गेलेले असतात. त्या संदर्भात ही यादी वाचली की अंगावर काटा येतो. मासा, कासव, बेडूक, कोंबडा, मोर, उंट, बैल, टोळ, मगर, साप, गरुड, झाड आणि प्रेतसुद्धा. साधक एका चटईवर या सगळ्या योनी फिरून येतो, तेही मरावं न लागता.

अर्थात ग्रंथांतला प्रत्येक शब्द अक्षरशः घ्यायचा नसतो. मयूरासनाने कालकूट विषही पचतं असं प्रदीपिका म्हणते. कोणी हा प्रयोग करू नये.

आणखी एक सांगून टाकते, म्हणजे मनावरचं ओझं उतरेल. अमुक आसन म्हणजे अमुक चक्र आणि त्याचा अमुक रंग, असे इंद्रधनुष्याच्या क्रमाने रंगवलेले तक्ते सगळीकडे दिसतात. ते अलीकडचे आहेत. प्रदीपिकेच्या आसनप्रकरणात आसनांची अशी चक्रवार वाटणी नाही. तक्ता आवडत असेल तर भिंतीवर असू द्या, पण त्यातला रंग दिसला नाही म्हणून आसन चुकलं असं समजू नका.

सुरुवात करण्याआधी

पोट रिकामं हवं. जेवणानंतर निदान तीन तास जाऊ द्या. घसरणार नाही अशी चटई, एक जाड चादर, एखादा पट्टा किंवा जुनी ओढणी, आणि टेकायला भिंत, एवढं साहित्य पुरे. संपूर्ण क्रमाला चाळीसएक मिनिटं लागतात. रक्तदाब, काचबिंदू, हर्निया, मणक्याच्या गादीचा त्रास, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि पहिले काही दिवस जाणत्या शिक्षकासमोर करा. श्वास नाकाने. आसनात श्वास अडकला, की आपण आपल्या मर्यादेपलीकडे गेलोय हे पक्कं समजा. तेवढ्यात दोन बोटं मागे या.

ताडासन: मेरू उभा करायचा

पुष्कळांना ताडासन म्हटलं की हात वर आणि टाचा उचललेल्या आठवतात. तोही एक प्रकार आहेच. मी इथे सांगतेय तो साधा, टाचा टेकलेला उभा प्रकार. त्याला समस्थितीही म्हणतात.

पावलांमध्ये वीतभर अंतर ठेवा आणि दोन्ही पावलं समांतर करा. आता सगळी बोटं उचला, पसरा आणि एकेक करत खाली ठेवा. अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ आणि टाचेच्या दोन्ही बाजू, या चार ठिकाणी सारखं वजन पडतंय का बघा. बहुतेकांचं पडत नाही. घरातल्या जुन्या चपला उलट्या करून बघा, कुठली कड जास्त झिजलीय त्यावरून तुमची खोड लगेच कळेल.

मग वर सरका. गुडघ्यांच्या वाट्या किंचित वर ओढा, पण गुडघे मागे ढकलू नका. माकडहाड जमिनीकडे जाऊ द्या. बरगड्या पुढे फुगवू नका. 'छाती बाहेर' ही कवायतीतली सवय इथे आड येते. खांदे वर उचला, मागे न्या, सोडून द्या. हात बाजूला. हनुवटी जमिनीला समांतर आणि टाळू वर. असे पाच श्वास.

आता डोळे मिटा. क्षणभरात जाणवेल की आपण स्थिर मुळीच नाही. शरीर पुढे झुकतं, मागे येतं, घोट्यांमधले स्नायू सारखे बारीकसारीक दुरुस्त्या करत राहतात. उभं राहणं म्हणजे सतत पडता पडता सावरणं आहे, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला गंमत वाटली होती. सूत्रातलं 'स्थिर' हे असं जिवंत असतं.

यात प्रतीक कुठलं? पाठीच्या कण्याला आपण मेरुदंड म्हणतो. पुराणांत मेरू हा जगाच्या मधोमध उभा असलेला पर्वत, त्याच्याभोवती सूर्य फिरतो. जपमाळेतही १०८ मण्यांच्या टोकाला मेरुमणी असतो, तो ओलांडत नाहीत; तिथून माळ उलटी फिरवतात. म्हणजे सगळं ज्याच्याभोवती फिरतं, पण जे स्वतः हलत नाही, ते मेरू. डोळे मिटून डोलत असताना मनात म्हणा की हे डोलणं कण्याभोवती चाललंय. डोलणं थांबवायची धडपड सोडा. मिनिटभरात ते आपोआप लहान होतं. करून बघा, सांगून पटायची गोष्ट नाही ही. दोन मिनिटं थांबा.

वृक्षासन

वजन डाव्या पायावर घ्या. उजवा पाय गुडघ्यात वाकवून त्याचा तळवा डाव्या मांडीच्या आतल्या बाजूला लावा. तिथवर पोचत नसेल तर पोटरीला लावा. गुडघ्याच्या सांध्यावर मात्र अजिबात नको. सांधा बाजूने आलेल्या दाबासाठी बनलेला नाही. तळवा मांडीला दाबतो, मांडी तळव्याला दाबते, दोन्ही जोर सारखे हवेत. समोर डोळ्यांच्या उंचीवर एक बिंदू धरा. हात छातीशी जोडा. तोल पक्का वाटला तरच वर न्या. प्रत्येक बाजूला मिनिटभर. भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहायला लाज वाटू देऊ नका.

एका पायावरची तपश्चर्या आपल्याकडे फार जुनी. मामल्लपुरमच्या सातव्या शतकातल्या प्रचंड शिलापटावर एक तपस्वी असा एका पायावर, हात वर करून उभा आहे. कोणी त्याला भगीरथ म्हणतात, कोणी अर्जुन. पण मला त्या शिल्पातली खरी आवडती आकृती खालच्या बाजूला आहे: एक मांजर! तेही मागच्या पायांवर उभं राहून, पुढचे पंजे वर करून तप करतंय आणि भोवती उंदीर जमलेत. तेराशे वर्षांपूर्वीच्या शिल्पकाराला पोज देणारे योगी चांगलेच ठाऊक होते म्हणायचे. वृक्षासनात आरशाकडे नजर गेली की मला ते मांजर आठवतं आणि मी नजर परत बिंदूवर आणते.

झाडाची प्रतिमा दोन प्रकारे वापरता येते. पहिली ओळखीची: पावलातून मुळं खाली जातायत. दुसरी गीतेच्या पंधराव्या अध्यायातली, वर मुळं आणि खाली फांद्या असलेला अश्वत्थ. तोल जाऊ लागला की बहुतेक जण खाली बघतात आणि पाऊल आवळतात, त्यामुळे तोल आणखी जातो. अशा वेळी दुसरी प्रतिमा घ्या. मूळ टाळूत आहे, तिथून तुम्ही खाली लोंबताय आणि जमिनीवरचं पाऊल म्हणजे फांदीचं टोक. मान लांब होते, पावलातली पकड सैल होते. दोन्ही आलटून पालटून करा आणि तुमच्या शरीराला कुठली लागू पडते ते ठरवा.

वीरभद्रासन

हे आसन प्रदीपिकेत किंवा घेरंडसंहितेत नाही. ते आधुनिक काळात रुळलं. कथा मात्र जुनी आहे. दक्षाच्या यज्ञात सतीचा अपमान झाला, तिने देह सोडला, शंकराने जटा उपटून आपटली आणि त्यातून वीरभद्र उठला. त्याने यज्ञ उधळला, दक्षाचं मुंडकं उडवलं. पुढे शंकर शांत झाले आणि दक्षाला बोकडाचं डोकं लावून उठवलं. 'दक्ष' म्हणजे कुशल, सगळं चोख करणारा. चोखपणाचा ताठा उतरवणारी ही गोष्ट आहे, असं मी ती वाचते. 'माझं आसन बघा किती बरोबर' म्हणणाऱ्या प्रत्येकाला ती लागू पडते.

या आसनाच्या प्रकारांतला दुसरा करू. पाय साडेतीन-चार फूट पसरा. उजवं पाऊल पूर्ण बाहेर वळवा, डावं किंचित आत. हात खांद्यांच्या रेषेत दोन्ही बाजूंना. उजवा गुडघा वाकवा. तो घोट्याच्या बरोबर वर हवा आणि पावलाच्या मधल्या बोटाच्या दिशेने. डाव्या टाचेची बाहेरची कड जमिनीत रुतलेली राहू द्या. नजर उजव्या हाताच्या मधल्या बोटावरून पलीकडे.

इथे सगळ्यांची एकच चूक होते. धड पुढच्या पायाकडे कलतं, जणू भांडायला निघालंय. वीरभद्र रागातून जन्मला खरा, पण तो पाठवलेला होता. राग त्याचा स्वतःचा नव्हता. धड दोन पायांच्या बरोबर मध्ये, सरळ उभं आणा. मागचा हात मागे जरा ओढून धरलात की हे लगेच जमतं. मांडी थरथरू लागेल, पण चेहरा सैल राहू द्या. अर्धा मिनिट, मग दुसरी बाजू.

भुजंगासन

घेरंडसंहितेतलं वर्णन अगदी नेमकं आहे: अंगठ्यापासून नाभीपर्यंतचं अंग जमिनीला लागलेलं, तळहात जमिनीवर, आणि मस्तक सापासारखं वर. त्याने देहातला अग्नी वाढतो आणि कुंडलिनी, म्हणजे देहात निजलेली मानलेली शक्ती, जागी होते, असंही तिथे म्हटलंय. नाभीपर्यंत. म्हणजे ओटीपोट उचलून हात ताठ करायचे, हे या वर्णनात बसत नाही.

पालथे पडा. कपाळ जमिनीला. पाय जवळ, पावलांच्या पाठी जमिनीवर, दहाही नखं चटईला लागलेली. ती दाबली की मांड्या आपोआप जाग्या होतात. तळहात छातीच्या बाजूला, कोपरं अंगाला चिकटून, मागच्या दिशेने. ओटीपोटाचं हाड जमिनीत दाबा, त्याने कंबर लांब होते. आता श्वास घेत आधी नाक सरपटत पुढे न्या, मग हनुवटी, मग छाती. वर जायची घाई नको. साप आधी पुढे सरकतो, मग फणा काढतो. हा क्रम पाळलात की कमरेत घडी पडत नाही, वाक सगळ्या कण्यात वाटला जातो.

वर आल्यावर माझ्या शिक्षिकेची परीक्षा द्या: तळहात जमिनीपासून एक इंच उचला. छाती जितकी वर राहिली तितकंच तुमचं आजचं भुजंगासन. मग हात परत टेका, पण त्यांचा उपयोग ढकलायला करू नका. तळहात जागेवरच ठेवून चटई मागे ओढल्यासारखं करा. छाती पुढे येते, खांद्यांच्या मागची पाती पाठीवरून खाली सरकतात. फणा पसरतो तो इथे, छातीच्या रुंदीत. मान मागे टाकू नका. समोर दोन हातांवर चटईच्या कडेकडे बघा. तीन ते पाच श्वास, श्वास सोडत खाली, गाल एका बाजूला ठेवून विश्रांती. असं तीनदा. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी, हर्निया असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी हे करू नये.

सापाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण योगातलं हे सगळ्यात दाट प्रतीक. कुंडलिनी ही साडेतीन वेढे घालून निजलेली सर्पिणी मानली. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात तिचं जागं होणं इतकं सविस्तर येतं की वाचताना उन्हाळा जाणवावा. शंकराच्या गळ्यात साप. विष्णू शेषावर पहुडलेले, आणि त्याच शेषाच्या डोक्यावर पृथ्वी पेललेली. स्वतः पतंजली शेषाचे अवतार मानले गेले, म्हणून त्यांची मूर्ती कमरेखाली सर्पाच्या वेढ्यांची असते. आता शेषाचं काम बघा. डोक्यावरची पृथ्वी हलता कामा नये इतका तो स्थिर आणि वर देव झोपू शकेल इतका मऊ. 'स्थिर' आणि 'सुख' हे सूत्रातले दोन्ही शब्द एकाच सापात आहेत! भुजंगासनातही तेच: खालचं अर्धं अंग पृथ्वी पेलण्याइतकं जड, वरचं गादीइतकं सैल. जबडा आवळलेला असेल तर अर्धं आसन राहिलं.

नंतर गुडघ्यांवर बसून पुढे वाका, कपाळ जमिनीला, हात पुढे. दहा श्वास. याला शशांकासन म्हणतात. कमरेला उलट बाजूने आराम मिळतो, बास.

अर्धमत्स्येंद्रासन: कान देऊन ऐकायचं

नाथपंथाचे आद्य मानले गेलेले मत्स्येंद्रनाथ. शंकर पार्वतीला योगाचं रहस्य सांगत होते आणि पाण्यात एका माशाच्या पोटातून मत्स्येंद्र ते ऐकत होते, अशी कथा. त्यांचे शिष्य गोरक्षनाथ, पुढे गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि ज्ञानेश्वर. म्हणजे आपल्याकडची सगळी परंपरा पाण्याखाली चोरून ऐकलेल्या एका धड्यावर उभी आहे. ज्याला सांगायचं होतं त्यापेक्षा ज्याने कान दिला त्याला मिळालं.

मूळ आसनात एक पाय मांडीच्या मुळाशी पद्मासनासारखा असतो, तो सोपा केला म्हणून 'अर्ध'. पाय पसरून बसा. कंबर मागे कलंडत असेल तर चादरीची घडी नितंबांखाली घ्या. डावा पाय दुमडून टाच उजव्या नितंबाशी. उजवं पाऊल डाव्या गुडघ्याच्या बाहेर, जमिनीवर. उजवा हात मागे जमिनीवर, कण्याच्या जवळ. श्वास घेत उंच व्हा. श्वास सोडत उजवीकडे वळा: आधी ओटीपोट, मग बरगड्या, मग खांदे. डाव्या हाताने उजवा गुडघा छातीशी धरा. मान सगळ्यात शेवटी, तीही थोडीच.

पीळ देताना हाताने ओढायचा मोह होतो. तेव्हा माशाची गोष्ट आठवा. मागून कुणीतरी हळू आवाजात बोलतंय आणि ते ऐकायला तुम्ही वळताय. ऐकणारा माणूस ओढाताण करत नाही, श्वासही रोखून आवाज करत नाही. प्रत्येक उच्छ्वासाला पोटाजवळ थोडी जागा होते, तेवढंच वळायचं. पाच-सहा श्वास झाले की आधी मान परत आणा, मग बाकीचं. मग डावी बाजू.

पश्चिमोत्तानासन आणि कासव

'पश्चिम' म्हणजे इथे पाठ. साधक उगवत्या सूर्याकडे तोंड करून बसला की छाती पूर्व आणि पाठ पश्चिम. शरीर हाच नकाशा. मावळतीची बाजू ताणायची म्हणून हे आसन संध्याकाळसारखं करावं, उतरत उतरत.

पाय पसरा. पट्टा किंवा ओढणी तळव्यांभोवती घ्या. गुडघे हवे तेवढे वाकवा, खरंच. वाकायचं ते जांघेतून, कमरेतून नव्हे. पोट मांडीला आधी लागलं पाहिजे, डोकं शेवटी लागलं तर लागलं. दोन ते तीन मिनिटं. मणक्याच्या गादीचा त्रास असलेल्यांनी हे वगळावं.

घेरंडांच्या यादीतलं कूर्मासन वेगळं, घोटे खाली दुमडून ताठ बसायचं. पण पुढे वाकलेल्या शरीराला कासवाची प्रतिमा फार शोभते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाचं लक्षण सांगताना कासव येतं: ते जसं अंग आत घेतं तशी इंद्रियं विषयांपासून आत घ्यावी. तर इथे एकेक घ्या. डोळे मिटा आणि मिटलेल्या डोळ्यांमागची नजरही खाली सोडा. जीभ टाळूवरून सोडा. कानांत येणारे आवाज येऊ द्या, त्यांच्यामागे जाऊ नका. कासव अवयव तोडून टाकत नाही, पुन्हा बाहेर काढायचेच असतात.

शवासन

प्रदीपिका म्हणते, प्रेतासारखं जमिनीवर उताणं निजणं ते शवासन. ते थकवा हरतं आणि चित्ताला विश्रांती देतं. सोपं वाटतं. माझ्या मते सातांत हे सर्वांत अवघड, कारण यात करायचं काहीच नाही, आणि आपण काही ना काही करत राहतो.

उताणे झोपा. पाय चटईच्या रुंदीएवढे, पावलं बाहेर पडू द्या. हात अंगापासून वीतभर दूर, तळहात वर. मान आखडत असेल तर चादरीची पातळ घडी डोक्याखाली, कंबर दुखत असेल तर गुंडाळी गुडघ्यांखाली. नीट झालं का, हे आत्ताच एकदा बघून घ्या. कारण यानंतर हलायचं नाही.

दोन मिनिटांत नाकावर खाज येईल. येतेच. पापणी लवेल, दप्तरात राहिलेलं काम आठवेल, टी-शर्टची शिवण पाठीला टोचेल. प्रेताला खाज येत नाही असं म्हणून दात आवळायचे नाहीत. खाज नुसती बघायची. ती वाढते, टोकाला जाते आणि बहुतेक वेळा विरते. हात उचलायची तुमची इच्छा आणि हात न उचलणं यांच्यामध्ये एक छोटी जागा सापडते. मृत्यूचं प्रतीक इतकं थेट का ठेवलं असेल, याचं उत्तर मला त्या जागेत मिळालं. 'मी करतो' म्हणणारा थोडा वेळ बाजूला झाला तरी श्वास चालूच राहतो.

पावलांपासून वर एकेक भाग मनाने सोडत या: बोटं, टाचा, पोटऱ्या, गुडघे, मांड्या, पोट, हाताची बोटं, खांदे, घसा, जीभ, डोळे, कपाळ. आठ ते दहा मिनिटं. झोप लागली तर लागू द्या, ती शरीराला हवी होती. रोजच लागत असेल तर रात्रीच्या झोपेचं बघा. उठताना आधी बोटं हलवा, उजव्या कुशीवर वळा, गुडघे पोटाशी घ्या. त्या स्थितीत दोन श्वास थांबा. मग डावा हात जमिनीवर टेकून उठा, डोकं सगळ्यात शेवटी.

शेवटची पाच मिनिटं बसून

उठल्यावर लगेच फोनकडे जाऊ नका. मांडी घालून बसा, चादरीची घडी नितंबांखाली घ्या, म्हणजे गुडघे जांघेच्या खाली येतात आणि पाठ फुकट सरळ राहते. पद्मासन येत असेल तर घाला. येत नसेल तर पाय ओढून घालू नका. ते नितंबाच्या सांध्यातून वळलं पाहिजे, तिथे वळण नसेल तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो, आणि गुडघा एकदा बिघडला की वर्षानुवर्षं आठवण देतो. कमळाचं पान पाण्यात असून भिजत नाही, ही गीतेतली उपमा साध्या मांडीतही तितकीच खरी आहे.

हात मांड्यांवर ठेवा. हवं असेल तर तीन वेळा ॐ म्हणा. अ पोटात, उ छातीत, म ओठांत आणि डोक्यात घुमतो; मांडूक्य उपनिषद या तिघांना जागृती, स्वप्न आणि गाढ झोप म्हणतं, आणि चौथी अवस्था त्यांच्या पलीकडची, शब्दाविना. तेव्हा म संपल्यावर लगेच पुढचा श्वास ओढू नका. ॐ म्हणायचा नसेल तर श्वास मोजा, एक ते दहा, चुकलं की पुन्हा एक. मी अजून बहुतेक दिवशी सातपर्यंत जाते.

पाय बधीर झाला तर तो सोडवा, चोळा आणि पुन्हा बसा.